‘सुव्यवस्थेची पुनःस्थापना’ : हरारे येथील वस्ती-निर्मूलनाची पूर्वपीठिका

झिंबाब्वेच्या सरकारने मे २००५ मध्ये हरारे व देशातील अन्य शहरांत वस्ती-निर्मूलनाची जी मोहीम काढली, तिला दोन नावे होती. इंग्रजी नावाचा अर्थ ‘सुव्यवस्थेची पुनःस्थापना’ असा होता. शोना भाषेतील नाव ‘मुरांबात्स्विना’ असे होते. ‘मु’ हा व्यक्तिवाचक उपसर्ग, ‘रांबा’ म्हणजे नाकारणे आणि ‘त्स्विना’ म्हणजे घाण. ‘घाण नाकारणारा’ असा ह्या शब्दाचा विग्रह होतो. शोना नावातील तुच्छता उघड आहे. प्रस्तुत लेखाचा रोख मात्र इंग्रजी नावावर आहे. पुनःस्थापना म्हटली की ती व्यवस्था पूर्वी केव्हा तरी नांदत होती, असे गृहीत धरले जाते. ती व्यवस्था कोणती व कोणासाठी होती, हा इतिहासाचा प्रश्न होय.

हे शहर १८९० साली ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीच्या तुकडीने सॉल्सबरी या नावाने वसविले. आफ्रिकी कामकऱ्यांसाठी १९०७ साली गावाबाहेर हरारी ही निराळी वसाहत नेमून देण्यात आली. तीच आजची एंबारे. १९३० च्या भूमि-विभाजन कायद्याने देशातील सुमारे ४ कोटी ९० लाख एकर जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली आणि शहरेही त्यांच्याच विभागात घातली. सबब आफ्रिकी माणसास शहरात जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग बंद झाला. १९४६ च्या कायद्याने कामकऱ्यांच्या निवाऱ्याची जबाबदारी नगरपालिका व मालक यांच्यावर टाकली खरी. परंतु त्याबरोबरच शहरातील वास्तव्य परवान्याशी व नोकरीशी जखडून टाकले. नोकरी संपली की खोलीही संपली. शोना भाषेत ‘कुमुशा’ म्हणजे आपल्या मूळ गावी. आफ्रिकी माणसाचे खरे घर तेथेच, शहरात तो केवळ पाहुणा, अशी कायद्याची धारणा होती.

१९८० साली स्वातंत्र्य आले आणि १९८२ साली शहराचे नाव हरारे झाले. जुन्या वसाहतींतील अनेक भाडेकरूंना राहती घरे विकत घेण्याची संधी मिळाली. तथापि १९७६ चा नगर-नियोजन कायदा कायम राहिला. त्यातील परवानग्या आणि बांधकामाची उंच मानके गरिबाच्या आवाक्याबाहेरची होती. शहरात येणाऱ्यांची संख्या वाढली, घरे मात्र त्या मानाने वाढली नाहीत. तेव्हा घरमालकांनी परसात खोल्या उभारून त्या भाड्याने दिल्या. १९९१ नंतरच्या आर्थिक पुनर्रचनेत अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि परसातील खोलीचे भाडे हेच कित्येक कुटुंबांचे, विशेषतः विधवांचे व वृद्धांचे, मुख्य उत्पन्न होऊन बसले. सरकारनेही हे वास्तव ओळखले होते. १९९४ च्या एका आदेशान्वये शिवणकाम, केशकर्तन, लाकूड व दगडावरील कोरीव काम इत्यादी व्यवसाय राहत्या वस्तीत करण्यास त्याने मुभा दिली होती.

अकरा वर्षांनी याच व्यवसायांवर व खोल्यांवर नांगर फिरला. १९९१ साली शहरातून हलविलेल्या लोकांना अधिकाऱ्यांनीच पोर्टा फार्म येथे नेऊन ठेवले होते. न्यायालयाचे आदेश असताही ती वस्ती २००५ मध्ये पाडण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधी अ‍ॅना तिबाइजुका यांनी जुलै २००५ च्या अहवालात असा अंदाज दिला की, शहरांतील सुमारे ७ लाख लोकांनी आपले घर, उपजीविकेचे साधन किंवा दोन्ही गमावली. ‘किंवा दोन्ही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. परसातील खोली भाडेकरूचे घर आणि मालकाची उपजीविका एकाच वेळी असल्यामुळे एका भिंतीबरोबर दोन संसार कोसळत.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गर्दी, पाणी व मलनिस्सारण हे प्रश्न खरेच होते. ते होतेच; पण खोली पाडल्याने राहणाऱ्यांची संख्या घटत नाही, ती शेजारच्या खोलीत वाढते. दुसरा असा की, मार्च २००५ च्या निवडणुकीत शहरांनी विरोधी पक्षास कौल दिला होता. म्हणून कारण राजकीय असावे. हे स्पष्टीकरण मोहिमेच्या मुहूर्ताला लागू पडेल, पण तिच्या साधनाला पडत नाही. हजारो घरे एका फटक्यात बेकायदा ठरविण्याची सोय कायद्यात आधीपासून नसती, तर केवळ राजकीय इच्छेने एवढे घडले नसते.

त्याच वर्षी सरकारने पुनर्वसनाची योजना काढली. तिचे शोना नाव ‘गारिकाई’, म्हणजे ‘सुखाने राहा’. प्रत्यक्षात बांधलेली घरे मोडलेल्या घरांच्या मानाने फारच थोडी निघाली. राज्यकर्ते बदलले, शहराचे नाव बदलले. परंतु शहरात राहण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाचे जुन्या कायद्यांनी दिलेले उत्तर पुसले गेले नव्हते. २००५ साली जिची पुनःस्थापना झाली ती सुव्यवस्था, आफ्रिकी कामकऱ्यास शहरात पाहुणा मानणारी, हीच होती.