एक आणा, तीन वेळा

ऑक्टोबर १९६०. तुम्ही दहा वर्षांचे आहात. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्यात तेलाची किटली, आणि खिशात आईनं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली यादी. ठाकुरद्वारच्या नाक्यावर घंटा वाजवत आलेली ट्राम पुढे जाऊ देता नि रस्ता ओलांडता. चाळीच्या जिन्यापासून तुमच्यासोबत आलेला भाजणीचा वास वाण्याच्या पायरीशी सुटतो. इथून पुढे हिंगाचं राज्य.

आत घाई करू नका. तागाच्या पोत्यांचे काठ दुमडून ठेवलेत. तूरडाळ, हरभरे, आंबेमोहोर सगळं उघड्यावर. पातळ पोह्यांची चिमूट तोंडात टाका. सादळलेत का, हे दातांना कळल्याशिवाय चिवड्याचे पोहे घ्यायचेच नसतात, आणि शेटजींनाही ते मान्य आहे. पुढे खरेदीत डोळे सोडून कुणाला कामच उरणार नाही, म्हणून आज नाक, बोटं, जीभ सगळ्यांना मनसोक्त वापरून घ्या.

"पावशेर गूळ," तुम्ही म्हणता. पारड्यात पडतं ते मात्र पाव किलोचं षटकोनी लोखंडी वजन. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे गूळ मागितल्यापेक्षा जरा जास्तच येतो, नि पैसेही तसेच पडतात. सगळी गल्ली बोलते शेरात, घेते किलोत. ढेप फोडताना उडालेला एक खडा शेटजी काही न बोलता तुमच्या तळहातावर ठेवतात. तो हिशेबात धरत नाहीत.

पुडी बांधतानाचे त्यांचे हात बघा. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, आत धणे, दोन घड्या, वरून लोंबणाऱ्या रिळाचा दोरा आडवा-उभा, आणि बोटाला पीळ देऊन झटक्यात तोडलेला. कात्री दुकानात दिसतच नाही.

यादीत डालडा अच्छेर, म्हणजे अर्धाच शेर, वाचून ते थांबतात. "गेल्या दिवाळीला शेरभर नेला होता. शंकरपाळे नाही करणार आई?" उधारीची वही गुजरातीत, बोलणं मराठीत, आणि चाळीतल्या घरोघरची दिवाळी तोंडपाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या यादीत यंदा रवा-साखर नाही. त्याबद्दल मात्र ते अवाक्षर काढत नाहीत. घरातलं माणूस गेलंय. फराळ शेजारून जाईल, हे त्यांना माहीत आहे. या गल्लीतला सगळ्यात जाणता माणूस गल्ल्यावर बसतो, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता तुमचा स्वतःचा व्यवहार. खाऊला मिळालेली पावली, म्हणजे पंचवीस नवे पैसे, मुठीत आहे. दशमान नाणी येऊन तीन वर्षं झाली, तरी भाव आण्यातच सांगतात. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे. तीन आणे मात्र एकोणीस. तुम्ही एका आण्याच्या लिमलेटच्या गोळ्या मागता, पैसे चुकते करता. मग एका आण्याचे शेंगदाणे. मग एका आण्याची चिंच. तीन वेळा मिळून अठरा.

शेटजी सात नवे पैसे परत मोजून देतात आणि चष्म्यावरून बघतात.

"गणिताचे मास्तर कोण रे तुझे?"