भारतात बास्केटबॉलची लीग सुरू होते, पण टिकत का नाही?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कुणाला सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब... पेठेची मॅच असली की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. याच शहरात एनबीएचे रील्स बघणारी, स्टीफन करीसारखा थ्री-पॉइंटर मारायला बघणारी पोरंही आहेत. पण भारतातल्या लीगमधली तुझी टीम कुठली, असं त्यांना विचारलं तर उत्तर सापडत नाही. कारण अशी लीग आपल्याकडे आली आणि गेली, पण रुजली नाही.

प्रोफेशनल लीग म्हणजे नेमकं काय?

भारतात बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ पासून होते. पण ती स्पर्धा आहे, लीग नाही. राज्यांचे संघ एका गावात जमतात, काही दिवसांत विजेता ठरतो आणि सगळे घरी जातात.

प्रोफेशनल लीगमध्ये खेळाडूचा क्लबशी करार असतो आणि खेळणं हीच त्याची नोकरी असते. हंगाम काही महिने चालतो आणि प्रत्येक संघ निम्मे सामने आपल्या गावात खेळतो. अमेरिकेतली एनबीए १९४६ साली सुरू झाली. आज तिच्यात ३० संघ आहेत आणि प्लेऑफच्या आधीच प्रत्येकाला ८२ सामने खेळावे लागतात.

भारतात काय काय झालं?

२०१० मध्ये बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाने आयएमजी-रिलायन्ससोबत तब्बल ३० वर्षांचा करार केला. त्यातून मोठी लीग उभी राहील अशी अपेक्षा होती. ती उभी राहिली नाही.

२०१५ मध्ये यूबीए ही खासगी लीग आली. आठ संघ होते, त्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे महाराष्ट्राचे दोन. सामने टीव्हीवर दिसले. २०१७ पर्यंत चार हंगाम झाले आणि लीग थांबली.

२०२२ मध्ये फेडरेशनच्या मान्यतेने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजे आयएनबीएल आली. सहा संघ, त्यात मुंबई टायटन्स. पहिलं विजेतेपद चेन्नई हीटने मिळवलं. २०२५ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या एनबीएल लीगच्या साथीने २५ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी नवा प्रयोग झाला. पण मुंबई टायटन्ससह सगळ्या संघांचे सामने दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झाले.

मग अडतं कुठं?

पहिली अडचण घरच्या मैदानाची. संघाचं नाव पुणे किंवा मुंबई, पण सामने भलत्याच शहरात. कोल्हापूरचा फुटबॉल पैशापेक्षा तालमीच्या आणि पेठेच्या इर्षेवर उभा आहे. पाटाकडीलचे सगळे सामने दिल्लीत खेळवले तर स्टेडियम भरेल का? बास्केटबॉललाही अशी वस्ती नाही असं नाही. मुंबईच्या नागपाड्यात हा खेळ गल्लीत वाढला. भारताचा कर्णधार राहिलेले अब्बास मुंतासिर तिथलेच, त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण लीग त्या वस्तीपर्यंत पोचली नाही.

दुसरी अडचण हंगामाच्या लांबीची. काही आठवड्यांच्या लीगवर खेळाडूचं वर्ष निघत नाही.

तिसरी अडचण मान्यतेची. जागतिक संघटना फिबा प्रत्येक देशात एकाच फेडरेशनला मानते. लीगचं आणि फेडरेशनचं जमलं नाही तर खेळाडू लीग आणि राष्ट्रीय संघ यांच्या मधे सापडतो.

खेळाडूंचं पोट कशावर चालतं?

नोकरीवर. रेल्वे, सेनादल, पोलीस, ओएनजीसी यांचे संघ हाच भारतीय बास्केटबॉलचा कणा आहे. भारताचा कर्णधार राहिलेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडूनच खेळला. चांगला खेळलं की स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, हा रस्ता भरवशाचा आहे. पण जागा मोजक्या असतात. बारावीनंतर ज्याला अशी नोकरी मिळत नाही, तो उंच असो की चपळ, खेळ सोडून दुसरं काहीतरी बघतो. लीग नसल्याचं खरं नुकसान हे आहे.

थोडी संधी मिळाली की काय होतं तेही दिसलं आहे. यूबीएत खेळलेल्या पालप्रीत सिंगला २०१६ मध्ये एनबीएच्या डी-लीगच्या ड्राफ्टमध्ये निवडलं गेलं. पुढच्याच वर्षी अमृतपाल सिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला. दोघांना पुढची पायरी परदेशातच शोधावी लागली.

इतरांनी कसं जमवलं?

फिलिपिन्समध्ये पीबीए १९७५ पासून चालू आहे. तिथले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत. म्हणजे आपल्या रेल्वे-ओएनजीसीसारखे संघ घेऊनही लीग उभी राहू शकते.

जपानचं उदाहरण आणखी जवळचं. तिथे दोन लीग एकमेकींशी भांडत होत्या. वैतागून फिबाने २०१४ मध्ये जपानला निलंबित केलं. मग फुटबॉलची जे-लीग उभी करणारे साबुरो कावाबुची यांना पुढाकार दिला गेला, दोन्ही लीग एकत्र आल्या आणि २०१६ मध्ये बी-लीग सुरू झाली. प्रत्येक क्लबला आपलं शहर, आपलं मैदान. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये आशियात अव्वल राहून जपानने पॅरिस ऑलिम्पिकचं थेट तिकीट मिळवलं. भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळलाय, १९८० साली मॉस्कोत.

त्यामुळे पुढची लीग जाहीर झाली की संघमालक कोण, बक्षीस किती यापेक्षा दोन गोष्टी आधी बघा. संघ आपल्या गावात किती सामने खेळणार, आणि खेळाडूला पगार किती महिने मिळणार?