लालबागची मिरची आणि दहावीचा निकाल

मार्च-एप्रिलच्या दिवसांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारातून जाऊन पाहा. नाकाला झिणझिण्या येतात, डोळ्यांतून पाणी येतं. ब्याडगी, शंकेश्वरी, गुंटूर अशा मिरच्यांचे ढीग लागलेले असतात. ब्याडगी हे गाव कर्नाटकात आहे आणि गुंटूर आंध्रात. पण पावशेर मिरचीसाठी परळची कोणी गृहिणी ब्याडगीची गाडी पकडत नाही. लालबागच्या व्यापाऱ्याने ती आधीच आणून ठेवलेली असते. कोणता माल किती आणायचा याचा त्याला अंदाज असतो. फार दिवस पडून राहिलेल्या मिरचीचा रंग उतरतो, हेही त्याला ठाऊक असतं.

मित्रहो, मी आज इंटरनेटबद्दल बोलणार आहे. तरीही सुरुवात मिरचीपासून केली, कारण इंटरनेटला वेग आला त्यामागे याच दुकानदारीचा मोठा वाटा आहे. तिला संगणकाच्या भाषेत कॅश म्हणतात. या कॅशचा रोकड पैशाशी संबंध नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवणं. पुढे लागेल ती वस्तू जवळच दडवून ठेवायची, एवढाच त्याचा मथितार्थ. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये संगणकाच्या आत अशी छोटी, चपळ स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली, आणि १९६८ मध्ये आयबीएमच्या एका मोठ्या संगणकाबरोबर कॅश हे नाव रूढ झालं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. परदेशाशी तारेने जोडलं जाणं मुंबईला नवं नाही. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन अशी तार समुद्रतळाशी टाकली आणि विलायतेची बातमी आठवड्यांऐवजी तासांत येऊ लागली. त्यानंतर बरोबर सव्वाशे वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधी जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात डॉ. एस. रमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणसंस्थांचं जाळं उभारायला हातभार लावला होता. पण ते संशोधकांपुरतं होतं. सामान्य माणसाची खिडकी उघडली ती ९५ साली. हुतात्मा चौकाजवळची निगमची उंच इमारत तेव्हा आम्हा तरुणांना तीर्थक्षेत्रासारखी वाटे.

त्या खिडकीतून वारा मात्र फार कमी यायचा. डायल-अपचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे साधारण १,२०० अक्षरं. या वेगाने साठ किलोबाइटचं एखादं चित्र उतरवायचं तर पन्नास सेकंद लागणार. वैयक्तिक ग्राहकाला अडीचशे तासांचे पाच हजार रुपये मोजावे लागत आणि टेलिफोनचं बिल वेगळं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. त्यातला एक माझा. परळला, पोयबावडीच्या जवळ, एका मित्राच्या जुन्या गाळ्यात आम्ही पाच संगणक मांडले. फोनची लाइन एक, मॉडेम ५६ किलोबिटचा. पाच जण एकदम बसले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अकरा किलोबिट. म्हणजे आम्ही पुन्हा ९५ सालात.

यावर तोड होती ती कॅशची. जिनेव्हाच्या सर्न संस्थेत, जिथे वेबचा जन्म झाला तिथेच, १९९४ मध्ये मध्यस्थ संगणकात पानांची प्रत राखून ठेवण्याची सोय झाली होती. मग अमेरिकेत १९९६ मध्ये स्क्विड नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम निघाला. स्क्विड म्हणजे आपलं माकुल! एका मित्राने ते माकुल आमच्या जुन्या संगणकावर बसवून दिलं. पहिल्या गिऱ्हाइकाने क्रिकेटच्या धावसंख्येचं पान उघडलं की त्यातली चित्रं, चिन्हं, जाहिराती आमच्याकडे साठवल्या जायच्या. दुसऱ्याला त्या अमेरिकेतून आणाव्या लागत नसत. गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमच्याकडे नेट फास्ट आहे हं!" मी मिशीत हसायचो.

साठवलेली प्रत शिळी झाली की नाही, हे कसं ओळखायचं? त्याचीही रीत ठरलेली होती. मध्यस्थ संगणक मूळ ठिकाणी विचारतो, "अमुक वेळेनंतर या पानात काही बदल झालाय का?" उत्तर 'नाही' आलं, तर जवळची प्रत द्यायची. पान किती वेळ ताजं समजावं हे पान लिहिणाराही सांगू शकतो. १९९७ च्या नियमावलीत तशी खास सोय झाली. पण विचारपूस करायलासुद्धा वेळ लागतो. मला वेगाची हाव सुटली होती. मी माकुलाला हुकूम देऊन ठेवला: एकदा आणलेलं पान दिवसभर ताजंच समज, विचारायला जाऊ नकोस.

दहावीचे निकाल इंटरनेटवर दिसू लागले त्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. सकाळी अकराला एका मुलाने निकालाचं पान उघडून पाहिलं. त्यावर सूचना होती, 'निकाल दुपारी एक वाजता.' ती आमच्या कोठीत जाऊन बसली. दोन वाजता लालबागच्या एका चाळीतली मुलगी आली. वडील ८२ च्या संपात गिरणीतून बाहेर पडलेले, नंतर रखवालदारी करणारे. तिने पान उघडलं. सूचना तीच. मी शहाणपणाने सांगितलं, "निकाल लांबलेला दिसतोय. उद्या ये."

ती घरी गेली. संध्याकाळी चाळीत पेढे वाटले जाऊ लागले. इतरांना इतर ठिकाणी निकाल कळले होते. ही म्हणत राहिली, निकाल लागलाच नाही. घरच्यांचा समज काय व्हायचा तो झाला: पोरगी नापास झाली आणि लपवतेय.

रात्री आठ वाजता वडील तिला घेऊन दुकानात आले. तिचे डोळे सुजलेले. मी कॅश बाजूला सारून पान थेट मागवलं, बैठक क्रमांक टाकला. एकाहत्तर टक्के! मुलगी काही बोललीच नाही. वडील बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या मशीनने पोरीला खोटं पाडलं हो." आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. खोटं मशीनने पाडलं नव्हतं, मी पाडलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते कितपत कळलं कोण जाणे. तो हुकूम मी त्याच रात्री काढून टाकला.

पुढे ही दुकानदारी जगभर पसरली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत सहकाऱ्यांना गर्दीच्या प्रश्नावर उपाय शोधायला सांगितलं होतं. गणितज्ञ टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो शोधला आणि १९९८ मध्ये अकामाई कंपनी काढली. एकाच ठिकाणी कोठार ठेवण्याऐवजी गावोगावी हजारो छोटी दुकानं मांडायची, ही त्यांची युक्ती. लेविन ११ सप्टेंबर २००१ च्या विमान अपहरणात मारले गेले. अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

आपल्याकडेही बदल झाले. पूर्वी गिरगावातल्या एका कंपनीच्या ग्राहकाची ई-मेल दादरमधल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे अमेरिकेला वळसा घालून जाऊ शकत असे. २००३ मध्ये 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली आणि देशातली वाहतूक देशातच फिरवण्याची सोय झाली. जवळ साठा का हवा, हे ३० जानेवारी २००८ रोजी पुन्हा कळलं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं.

१० जुलै २०१९ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात धोनी धावचीत झाला, त्या दिवशी हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना पाहत होते. ती सेवा चालवणाऱ्या कंपनीचं कार्यालय लोअर परळला, जुन्या गिरणगावात होतं. एवढ्या लोकांना एकाच ठिकाणाहून चित्र पुरवणं अशक्यच. प्रत्येक चेंडूचं चित्र आधी जवळच्या साठ्यात जात होतं आणि तिथून तुमच्या-माझ्या मोबाइलवर. चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्या तर आपली साठवणयंत्रं इंटरनेट पुरवणाऱ्यांच्या आवारातच ठेवतात आणि गर्दी नसलेल्या वेळी भरून घेतात. दादरच्या फुलबाजारात पहाटे, गाड्यांची गर्दी वाढण्याआधी माल उतरतो, तसंच.

आमचा कॅफे केव्हाच बंद झाला. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. लालबागहून जाताना मी अजूनही मिरचीवाल्याला विचारतो, "माल कधीचा आहे?" तो म्हणतो, "कालच उतरलाय, साहेब." मी मूठभर मिरची हातात घेऊन रंग पाहतो. कोठीतल्या मालाची तारीख विचारावी, हे मला त्या रखवालदाराने शिकवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)