आष्ट्याची लेक आणि कादंबरीचा ध्यास

कादंबरीचा नाद लागला की बाईचे घराकडे दुर्लक्ष होते, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. मूल मांडीवर आणि कथा मनात, अशी ओढाताण सोसणाऱ्या माता आपल्या धर्मग्रामांतही पुष्कळ असतील. त्यांनी काशीबाई कानिटकरांची ओळख करून घ्यावी.

काशीबाईंचा जन्म २० जानेवारी १८६१ रोजी आष्टा येथे, बापट घराण्यात झाला. आष्टा आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या लेकीवर दोन्ही जिल्ह्यांचा हक्क आहे.

मराठी कादंबरीही त्या काळी बाल्यावस्थेत होती. बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने विधवांच्या दुःखाला वाचा फोडणारे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये लिहिले होते. काशीबाईंच्या जन्मवर्षीच लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि वियोग, संकटे व अखेरचे मीलन यांनी भरलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे युग सुरू झाले. १८७३ मध्ये साळूबाई तांबवेकर यांचे ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ आले. स्त्रीने लिहिलेली ती पहिली मराठी कादंबरी मानली जाते.

काशीबाईंना मात्र शाळा लाभली नाही. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. स्त्रीने पुस्तक हाती धरले तर घरावर अरिष्ट येते, असे मानणारा तो काळ. गोविंदराव स्वतः कवी होते. ‘हॅम्लेट’चे ‘वीरसेन’ हे मराठी रूपांतर त्यांनी केले, आणि स्त्रियांच्या परवशतेवरील मिल या इंग्रज तत्त्वज्ञाचा ग्रंथही मराठीत आणला. पत्नीने शिकावे ही त्यांची इच्छा होती. लग्नानंतर काशीबाई अक्षरे गिरवू लागल्या आणि वाचता वाचता लेखिका झाल्या. पुढे कादंबरीकार हरि नारायण आपटे यांच्या स्नेहाचाही त्यांना आधार मिळाला.

त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी १८८६ च्या सुमारास नियतकालिकातून क्रमशः येऊ लागली. ‘शेवट तर गोड झाला’ हा कथासंग्रह १८८९ चा. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्रही त्यांनीच लिहिले. आनंदीबाई चौदाव्या वर्षी माता झाल्या, बाळ दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या. ही कहाणी एका स्त्रीने स्त्रीच्या दृष्टीने सांगितली, याचे मोल मोठे आहे.

आता सनांकडे पाहावे. ‘रंगराव’ पुस्तकरूपाने आली ती १९०३ मध्ये, म्हणजे सुमारे सतरा वर्षांनी. ‘चांदण्यातील गप्पा’ हा कथासंग्रह १९२१ चा. पहिल्या संग्रहानंतर बत्तीस वर्षांनी. काल्पनिक संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हाती देणारी ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा काशीबाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचे आत्मचरित्र तर १९४८ मधील निधनानंतर सुमारे तीस वर्षांनी, सरोजिनी वैद्य यांच्या संपादनामुळे वाचकांसमोर आले. या विलंबाचे सारे खापर प्रपंचावर फोडणे योग्य ठरणार नाही. तथापि गृहिणीचे लेखन कसे थांबत, थबकत, उरल्यासुरल्या वेळात पुढे सरकते, हे या सनांवरून सहज ध्यानी येते.

आपल्या लक्ष्मीबाई टिळकांचेही तेच. त्याही लग्नानंतर पतीकडून लिहिण्या-वाचण्यास शिकल्या. मुले वाढवली, संसाराचे चढउतार सोसले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

या दोघींच्या पतींनी त्यांच्या हाती अक्षरे दिली. आज अक्षरे शिकवावी लागत नाहीत. वाण आहे ती निवांत वेळाची. जी आई मुलांना गोष्ट सांगते तिला स्वतःची गोष्ट वाचण्यास, आणि जमल्यास लिहिण्यास, दिवसाकाठी एक तास मिळावा. तेवढ्यापुरते मूल वडिलांनी सांभाळावे, चुलीकडे थोरल्या मुलांनी पाहावे. आईने साठीपर्यंत थांबावे, असे कोणत्याही घराला वाटू नये.