दिवाणखान्यातला प्रचार आणि एकच मतदारयादी

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी बोईसरला आमच्या शेजाऱ्यांकडे एका उमेदवारासाठी घरगुती बैठक झाली. हॉलमध्ये सतरंजीवर पुरुष, आतल्या खोलीत आम्ही बायका, मध्ये पडदा. चहा-बिस्किटं, एक हार. उमेदवार आदिवासी समाजाचे होते. पालघर जिल्ह्यातल्या सहापैकी चार विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. पालघर आणि बोईसर त्यातल्याच. उमेदवारी त्यांची, पण मत सगळ्यांचं. म्हणून आदिवासी उमेदवाराला मुसलमानाच्या दारी यावं लागतं.

आज यात कुणाला नवल वाटत नाही. पण आमच्या आजोबांच्या काळात हे घडलं नसतं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमानांची यादी वेगळी, उमेदवारही मुसलमानच. १९३७ आणि १९४६ च्या प्रांतिक निवडणुका याच पद्धतीने झाल्या. शिवाय मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण बघून मिळत असे. उमेदवार बैठकीला जायचा तो जमीनदाराच्या नाहीतर व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात. मजुराच्या खोलीवर जाण्याचं त्याला कारणच नव्हतं.

दुसरी वाट २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने दाखवली होती. जागा दलितांसाठी राखीव, मतदार मात्र सगळे मिळून. आजच्या राखीव जागा याच तत्त्वावर चालतात. संविधान सभेत मुसलमानांसाठी राखीव जागांचा प्रश्न आला तेव्हा बेगम एजाज रसूल यांनी त्यांना विरोध केला. सभेतल्या त्या एकमेव मुस्लिम महिला, आणि मुस्लिम लीगकडून निवडून आलेल्या! अल्पसंख्याकांनी बहुसंख्याकांपासून तुटून राहू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे संविधानाच्या कलम ३२५ ने सर्वांची एकच मतदारयादी केली आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं.

पहिल्या निवडणुकीला, १९५१-५२ मध्ये, १७ कोटी ३२ लाख मतदार होते. पण सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीबाहेर राहिली. त्यांनी 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं होतं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं घ्यायला नकार दिला. पडद्याआड बसून मला त्या बायका आठवत होत्या.

बैठकीत एक कार्यकर्ता उठून म्हणाला, "आपल्या मोहल्ल्याची मतं एकगठ्ठा पडली पाहिजेत. कौमची ताकद दिसली पाहिजे." माना हलल्या. मला मात्र वाटलं, कायद्याने मोडलेली वेगळी यादी आपण मनात पुन्हा तयार करतो आहोत. धर्माच्या नावाने मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, ४ विरुद्ध ३ मतांनी, हा नियम मतदाराच्या धर्मालाही लागू केला. तो खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा होता.

तेवढ्यात आतून एका खालाने आवाज दिला, "भाई, रात्री कारखान्यांचा वास येतो, लेकरं खोकतात. त्याचं काय करणार?" हॉल शांत झाला. उमेदवारांनी पहिल्यांदा वही काढली.

एकगठ्ठा मताचा सौदा मोहल्ल्यातले चार पुरुष करू शकतात. वासाचा प्रश्न मात्र आदिवासी पाड्यावरची बाईही विचारते, चाळीतला बिहारी कामगारही विचारतो. मत गुप्त असतं, नवऱ्यालाही ते सांगावं लागत नाही. तेव्हा भगिनींनो, घरात बैठक ठेवली असेल तर चहा जरूर करा, पण पडद्याआडून का होईना, एक प्रश्न विचारा. तो मागच्या सालच्या वचनाबद्दल असला तर फारच उत्तम.