जोडीदार व्हिसा (ब्रिटन)

ब्रिटिश नागरिकाच्या किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क असलेल्या व्यक्तीच्या परदेशी पती वा पत्नीला मिळणारा वास्तव्याचा परवाना. दोघेही किमान १८ वर्षांचे हवेत, प्रत्यक्ष भेटलेले हवेत आणि विवाह कायदेशीर हवा. खरी अडचण उत्पन्नाची. २०१२ साली घातलेली वार्षिक १८,६०० पौंडांची अट ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. अर्जदाराचा भारतातला पगार, तो कितीही असो, यात धरत नाहीत. ही अट कमी पगारावर राबणाऱ्यांवर अन्यायच करते. उत्पन्न अजिबात नसेल, तर सहा महिने खात्यात असलेली ८८,५०० पौंडांची बचत चालते.

नाते खरे असल्याचा पुरावा घरातूनच गोळा होतो: हळदीचे फोटो, विमानाची जुनी तिकिटे, रात्री उशिराच्या कॉलची यादी. मराठी कागदपत्रांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. क्षयरोग तपासणीचा दाखलाही लागतो.

नाते खोटे असेल या संशयाला इतिहास आहे. लग्नासाठी हीथ्रोवर उतरलेल्या एका भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी केल्याचे १९७९ साली उघड झाले आणि भारतात संताप उसळला. विवाहाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदारानेच सिद्ध करण्याचा नियम १९९७ पर्यंत टिकला. त्याने कित्येक जोडपी वर्षानुवर्षे दूर ठेवली.

परदेशातून अर्ज केल्यास व्हिसा ३३ महिन्यांचा मिळतो, पुढे ३० महिन्यांची मुदतवाढ. पाच वर्षांनी कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.