पंधरा ते पन्नास वर्षे : महाराष्ट्रातील अभिजात सेडान, स्टेशन वॅगन आणि मोटारप्रेमींचे जतनकार्य

प्रस्तावना

मानवनिर्मित वस्तू हे इतिहासलेखनाचे महत्त्वाचे साधन होय. नाणी, शिलालेख व ताम्रपट यांचा अभ्यास आपल्याकडे स्थिरावला आहे. तथापि विसाव्या शतकातील यंत्रनिर्मित वस्तूंकडे तेवढे लक्ष गेलेले नाही. मोटारगाडी हे त्याचे ठळक उदाहरण. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसला वारशाचा मान सहज मिळतो. मध्यमवर्गाच्या घरातील सेडान अथवा स्टेशन वॅगन मात्र जुनी होताच भंगारात जमा होते. अशा गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांचा छंद हा वस्तुतः इतिहासाच्या साधनांचे जतन कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जागतिक पार्श्वभूमी

चार दारांची कौटुंबिक गाडी वेगवानही असू शकते, ही कल्पना युरोपात १९६० नंतर दृढ झाली. १९६२ ची अल्फा रोमिओ जुलिया आणि १९८५ ची बीएमडब्ल्यू एम-५ हे या परंपरेतील महत्त्वाचे टप्पे होत. सामान वाहण्यासाठी मागील भागाचे छत लांबविलेली वॅगनही या स्पर्धेत उतरली. १९९४ मध्ये व्होल्वोने ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत ‘८५० इस्टेट’ ही वॅगन उतरविली. त्याच वर्षी ऑडीने पोर्शेच्या सहकार्याने ‘आरएस-२ अवांत’ आणली. उपयुक्तता आणि वेग यांचा हा संगम मोटारप्रेमींच्या आस्थेचा केंद्रबिंदू आहे.

महाराष्ट्रातील निर्मिती

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातील फियाट ११०० लोकांनी ‘डुक्कर फियाट’ या नावाने आपलीशी केली. साठीच्या दशकात आलेल्या ११०० डिलाइटचेच १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर ही तिची ओळख होती. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावणाऱ्या पद्मिनीचा प्रवास ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला.

१९८५ च्या ‘प्रीमियर ११८ एनई’ मध्ये फियाट १२४ चा सांगाडा आणि निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन यांची सांगड होती. इटालियन घडण आणि जपानी यंत्र एकाच गाडीत एकत्र येणे, ही त्या दशकातील औद्योगिक धोरणाची मूर्त साक्षच होय. पुण्यात टेल्कोने १९९२ मध्ये ‘टाटा इस्टेट’ ही डिझेल वॅगन सादर केली. टाटामोबाइल या मालवाहू पिकअपच्या पायावर तिची उभारणी झाली होती. ट्रक बांधणारी कंपनी प्रवासी मोटारीकडे कशी वळली, याचा आधार या गाडीच्या रचनेतच मिळतो. २००४ मध्ये ‘इंडिगो मरिना’ या वॅगनने तोच प्रयत्न पुढे नेला. त्याच वर्षी स्कोडाची टर्बो पेट्रोल इंजिनाची ‘ऑक्टेव्हिया आरएस’ भारतीय बाजारात आली. स्कोडाचा कारखाना तत्कालीन औरंगाबादजवळील शेंद्रा येथे होता. मात्र वॅगन हा प्रकार भारतीय ग्राहकाने फारसा स्वीकारला नाही. संख्या मुळातच अल्प असल्याने टिकलेली प्रत्येक वॅगन अधिक मोलाची ठरते.

कायदा आणि कालमर्यादा

खासगी वाहनाची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २०२५ मध्ये २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. दुसरीकडे, जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ स्वरूपात राखलेले ५० वर्षांपुढील वाहन ‘व्हिंटेज’ ठरते आणि त्याला ‘व्हीए’ मालिकेतील क्रमांक मिळतो. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन व व्हिंटेज रॅली अशा मोजक्या कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते.

या दोन मर्यादांमध्ये ३५ वर्षांचे अंतर आहे. या निकषाने १९८५ ची ११८ एनई २०३५ मध्ये, १९९२ ची इस्टेट २०४२ मध्ये, तर २००४ ची ऑक्टेव्हिया आरएस २०५४ मध्ये वारसा ठरेल. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती केवळ जुनी गाडी असते. प्रदूषण व सुरक्षितता यांसाठी जुन्या वाहनांवर निर्बंध आवश्यक आहेत, हे मान्यच करावे लागते. तथापि रोज धावणारे जुने वाहन आणि निगुतीने राखलेले, क्वचित बाहेर निघणारे वाहन यांत भेद न केल्यास वारसा ठरण्याआधीच साधन नष्ट होते.

वनजिल्ह्यांचा संदर्भ

चंद्रपूर व गडचिरोली येथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. मे महिन्यात ४५ अंशांपुढे जाणाऱ्या उष्म्याने रबर व प्लास्टिकचे भाग तडकतात. दीर्घ पावसाळ्यात पत्रा गंजतो. मुंबई-पुण्याच्या सुट्या भागांच्या बाजारपेठाही दूर आहेत. जंगलातील खडबडीत वाटांवर कमी उंचीच्या सेडानपेक्षा जीपच सोयीची होती. म्हणूनच या भागात अशी एखादी गाडी जपणे म्हणजे मालकाची चिकाटी आणि स्थानिक मेकॅनिकचे हस्तकौशल्य यांची कसोटी होय. भाग मिळत नसेल तेथे तो घडवावा लागतो. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसून गॅरेजमध्ये हातातून हातात जाते.

गाडीबरोबर कागदपत्रेही टिकतात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर रूढ झालेल्या पद्धतीत चंद्रपूरला एमएच-३४ आणि गडचिरोलीला एमएच-३३ हे संकेत मिळाले. जुन्या नोंदणीपुस्तकातील क्रमांक, मालकांचे हस्तांतरण आणि पत्ते यांवरून गाडी कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गाकडे, कोणत्या शहरातून कोणत्या गावी गेली, याचा माग काढता येतो.

निष्कर्ष

अभिजात सेडान व वॅगन यांवरील प्रेमाकडे केवळ हौस म्हणून पाहणे अपुरे ठरते. कायद्याने न जपलेली ३५ वर्षे हे मोटारप्रेमी स्वखर्चाने भरून काढतात. वयाबरोबरच दुर्मिळता व मूळ स्वरूप हेही वारशाचे निकष मानले जावेत आणि मर्यादित वापराची सवलत ५० वर्षांपूर्वीच मिळावी, असे यावरून सुचविता येते. गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी जुन्या गाड्यांची नोंदणीपुस्तके आणि ज्येष्ठ मेकॅनिकांच्या मुलाखती संकलित केल्यास स्थानिक इतिहासाला नवे साधन उपलब्ध होईल. गाडीचा सांगाडा कदाचित आणखी काही वर्षे तग धरेल. ती दुरुस्त करणाऱ्या हातांच्या आठवणी मात्र तेवढी प्रतीक्षा करू शकणार नाहीत.